बोटभर कोरी पट्टी

"माझ्या नवऱ्याला सोडवा," ती म्हणाली आणि मग खुर्चीवर बसली.

बहुतेक लोक आधी बसतात. बाईंनी ते पाहिलं. पुढ्यातला चहाचा कप त्यांनी तिच्याकडे सरकवला.

बाई म्हणजे खासगी तपासनीस. पूर्वी विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे शोधायच्या. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून पुढच्या खोलीला पाटी लावली. पाटी लागली त्या दिवसापासून शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर मदतीला येऊ लागले. मास्तरांची मदत म्हणजे बिस्किटं संपवणं आणि चुकीच्या माणसावर आधी संशय घेणं. त्यातल्या दुसऱ्या मदतीचा बाईंना खरोखर उपयोग होई. मास्तरांनी ज्याचं नाव घेतलं, तो निर्दोष असं धरून पुढे जाता यायचं.

"तुम्ही कार्डवाल्या आबांच्या कन्या ना?" मास्तरांनी ओळखलं. "अहो, तुमच्या वडिलांच्या कार्डांवर शिक्के मारण्यात माझी हयात गेली!"

"शिक्के मागच्या बाजूला मारतात," बाई म्हणाल्या. "चित्र कधी पाहिलंत का?"

"कामाच्या वेळी? छे."

कार्डवाले आबा शहरात सगळ्यांना माहीत होते. चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: शहराची चित्रं काढली, तीही तळहाताएवढी. पूल, घंटाघर, नदीचा काठ, बाजारपेठ. छापखान्याच्या दगडावर ते रेघ काढत, दगडावरून कार्डं छापली जात आणि मग प्रत्येक कार्डात आबा स्वतःच्या हाताने रंग भरत. त्यांच्या शहरात विजेच्या तारा नसत, कचरा नसे. आभाळ खऱ्यापेक्षा थोडं निळं असे. आलेले प्रवासी ते शहर विकत घेऊन घरी पाठवत. मग लोकांच्या खिशात फोन आले आणि कार्ड कोणी घेईना.

आता आबा इस्पितळात पडून होते.

"गेल्या आठवड्यात ते जिन्यावरून खाली पडले," मुलगी सांगू लागली. "डोक्याला मार लागला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, पण शब्द गेलेत. बोलायचेही आणि लिहायचेही. हो म्हणायचं असलं तरी मान तशीच हलते आणि नाही म्हणायचं असलं तरी तशीच."

"आणि तुमचे यजमान?"

"यांनीच आबांना आधी पाहिलं. उचलून मांडीवर घेतलं, म्हणून शर्टाला रक्त लागलं. वरच्या खोलीतला दगड नाहीसा झालाय. छापायचा दगड. आबांनी काढलेला पहिला पूल आहे त्याच्यावर." ती थांबली. "पुलावर आई उभी आहे. आईचे फोटो पुरात गेले. आबा कुठल्याच माणसाला चेहरा काढत नाहीत, पण तिथे तिला चेहरा आहे. यांचा फ्रेमचा धंदा. हे मागे लागले होते की दगड द्या, दुकानात लावतो. आदल्याच दिवशी दोघांचं त्यावरून वाजलं होतं. सगळ्या गल्लीने ऐकलं."

"एवढ्यावरून पोलिसांनी धरलं?"

"एवढ्यावरून नाही." तिने पिशवीतून एक कागद काढला. पेन्सिलीच्या चित्राची नक्कल होती. "इन्स्पेक्टरांनी आबांना विचारलं, जिन्यावर तुमच्याबरोबर कोण होतं? डाव्या हातात पेन्सिल दिली. दुपारभर लागले होते. हे काढलं."

बाईंनी कागद उजेडात धरला. आबांच्या घराचं अंगण, फाटकातून दिसेल तसं. मध्ये वर जाणारा जिना, त्याच्या डाव्या अंगाला कठडा. जिन्याच्या दोन बाजूंना दोन सारखी दारं. डाव्या दारात एक पाठमोरी आकृती आत शिरत होती. आभाळाच्या डाव्या कोपऱ्यात एक कावळा. चित्राच्या खाली बोटभर पट्टी कोरी.

"फाटकातून पाहिलं की डावं दार आमच्या दुकानाचं," ती म्हणाली. "उजवं माझ्या भावाचं. त्याने दोन खोल्या प्रवाशांना भाड्याने दिल्यात."

"आबांनी पुन्हा काही काढलं?"

"नाही. यांना त्यांच्या खाटेसमोरच बेड्या घातल्या. तेव्हा आबांनी डाव्या हाताने खाटेची दांडी बडवून काढली. पोलीस म्हणाले, बघा किती राग आहे. त्यानंतर मी रोज पेन्सिल देते. ते टाकून देतात."

मास्तरांनी मान हलवली. "पोरी, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणावं, तर इथे फांदीनेच साक्ष दिली."

बाईंनी त्यांच्या हातातलं बिस्किट काढून बशीत ठेवलं.

* * *

अंगण लहानसं होतं. चित्रात होतं तसंच: मध्ये जिना, दोन बाजूंना हिरवी दारं. डावीकडच्या दुकानाला कुलूप होतं. उजवीकडचं दार उघडं होतं आणि मास्तर तिकडे निघाले ते उंबऱ्याबाहेरच्या पायरीवरून सरळ घसरले.

"अरे, अरे!" आतून एक तरुण लंगडत बाहेर आला आणि त्याने मास्तरांना धरलं. "लागलं का काका? नवी आहे पायरी. गुळगुळीत आहे जरा."

हा आबांचा धाकटा. बहिणीला पाहताच त्याचा चेहरा पडला. "ताई, जेवलीस का गं? डोळे बघ कसे झालेत." तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता. वेणी-फणी सोडून तिने त्याला वाढवला होता, आणि तो हाताला आल्यावरच स्वतः लग्न केलं होतं.

"पायाला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पाहुण्यांची ट्रंक पडली."

"आणि पायरी कशाला बसवली?"

"अंगणातलं पाणी आत येतं."

"दुकानात नाही येत?"

"दाजींनी कधी तक्रार केली नाही." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो होतो. प्रवासी यायचा होता, आलाच नाही. परत आलो तर अंगणात ही गर्दी. बाई, दाजी असं करणार नाहीत. मी इन्स्पेक्टरांनाही तेच सांगितलं."

"काय सांगितलंत नेमकं?"

"हेच, की दाजी तसे नाहीत."

"मग कोण, हे नाही सांगितलं?"

"मी नव्हतोच ना इथे," तो म्हणाला.

जिना चढताना बाईंनी उजव्या हाताने कठडा धरला. डावीकडे नुसती भिंत होती. वरून चौथ्या-पाचव्या पायरीचा कोपरा ताजा फुटला होता.

वरच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी आबांचं टेबल. रंगांच्या वाट्या धुऊन पालथ्या ठेवलेल्या, ब्रश जाडीप्रमाणे लावलेले, बाजूला मेणाच्या काळ्या कांड्या. टेबलाच्या समोर, बसल्यावर थेट डोळ्यांसमोर येईल असा, चांगला मोठा आरसा.

"म्हातारा हौशी दिसतोय," मास्तर म्हणाले. "काम करता करता भांग बघत असेल."

"आबांना टक्कल आहे," मुलगी म्हणाली.

भिंत कार्डांनी भरली होती. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पुढची बाजू पाहिली आणि पाहतच राहिले. "या पुलावरून मी रोज कामावर गेलो," ते हळूच म्हणाले. "इतका चांगला होता होय तो?" मग नेहमीच्या सुरात, "आणि हे बघा बाई, सगळीकडे कावळा! मागे आम्ही तिकीट लावायला सांगतो ना, तसाच, उजव्या कोपऱ्यात."

"ती आबांची सही," मुलगी म्हणाली. "नाव कधी घातलं नाही. खालची पट्टी जागेचं नाव छापायला सोडायची, वर कावळा काढायचा, झालं."

बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. मास्तरांना वाटलं, बाईसुद्धा भांग बघताहेत.

* * *

छापखानेवाला कमरेला पट्टा बांधून स्टुलावर बसला होता आणि हमाल दगड मोजून बाहेर नेत होते. पिवळसर, चार बोटं जाड, घासून तुकतुकीत केलेले दगड. खोली अर्धी रिकामी झाली होती.

"छापखाना विकला," तो म्हणाला. "उद्यापर्यंत खोली खाली करायची. दगड फरशीवाल्याने उचललेत."

"आबांकडचाही यात जाणार होता?"

"दगड छापखान्याचा असतो बाई, चित्रकाराचा नसतो. चित्र छापून झालं की वाळूने घासायचं आणि त्याच दगडावर पुढचं काढायचं. या एकेका दगडाने पूल पाहिला, घंटाघर पाहिलं, बाजार पाहिला. आता कशाची रेघ उरली नाही. तो एकच दगड आबाने घासायला दिला नाही. मीही कधी विचारलं नाही. पण गेल्या आठवड्यात सगळ्यांना कळवलं, माल चाललाय, माझं काही असेल ते परत करा. आबाने निरोप धाडला, उद्या सकाळी दगड पोचता करतो. त्याच संध्याकाळी हे झालं."

मास्तर एका दगडावर वाकले होते. "याच्यावर अजून चित्र आहे. पण चुकलंय हो. घंटाघर नदीच्या अलीकडे कुठे आहे?"

"दगडावर उलटं असलं की कागदावर सुलटं येतं, मास्तर," छापखानेवाला थकून म्हणाला. "या वयात शिकायला लागलात?" मग बाईंकडे वळला. "खरं सांगू? आबाने नुसतं म्हटलं असतं की राहू दे हा माझ्याकडे, तर मी हो म्हटलं असतं. फरशीवाला काय मोजत बसणार होता? पण त्याने विचारलंच नाही. शब्दाचा पक्का ना."

बाहेर आल्यावर मास्तरांनी बाईंचा हात दाबला. "हाच. पट्टा ढोंगाचा आहे."

"छान," बाई म्हणाल्या. "मग याला सोडून देऊ."

तिथून दोघं पोलीस ठाण्यात गेले. कोठडीतला जावई गजाला टेकून बसला होता. काचा घेऊन फाटकातून आत आलो, आबा जिन्याखाली दिसले, एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता. "मी दुकानाचं दार उघडलंही नव्हतं. काचा अजून फाटकापाशी असतील. पण आबांनी माझं दार काढलं, बाई. ते कधी खोटी रेघ काढत नाहीत. मलाच आता वाटतं, मी काही केलं तर नसेल ना?"

संध्याकाळी बाईंनी मुलीला घरी बोलावलं. "एकदाच विचारते. नवऱ्याला सोडवायचंच ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग उद्या इस्पितळात या. भावालाही आणा."

* * *

आबांच्या खाटेभोवती गर्दी झाली: मुलगी, धाकटा, छापखानेवाला, इन्स्पेक्टर आणि छातीशी आरसा कवटाळलेले मास्तर. आबांचे डोळे तेवढे हलत होते. आरसा पाहताच तेही थांबले.

"इन्स्पेक्टरसाहेब," बाई म्हणाल्या, "तुमचं मूळ चित्र द्या. यात चुका किती आहेत?"

"आजारी माणसाने डाव्या हाताने काढलंय. चुका असणारच. कठडा दुसऱ्या बाजूला गेलाय."

"आणि कावळा?"

इन्स्पेक्टरांनी चित्राकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "कावळा तिकिटाच्या जागी हवा. उजवीकडे."

"चाळीस वर्षांत एकाही कार्डावर तो डावीकडे नाही. ज्यांना नाव लिहिता येत नाही, त्यांनी सही मात्र केली, आणि चुकीच्या कोपऱ्यात केली. कठडा चुकला, कावळा चुकला, पण दोन्ही एकाच दिशेने चुकले. हात थरथरला तर रेघ वाकते. सगळं घर असं उलटं होत नाही." बाईंनी चित्राच्या तळाशी बोट ठेवलं. "आणि ही कोरी पट्टी बघा. जागेचं नाव छापायला सोडलेली. तुम्ही चित्र मागितलंत, आबांनी कार्ड काढलं. त्यांना दुसरं काही येतच नाही. कार्ड कुठे काढतात?"

"दगडावर," छापखानेवाला म्हणाला. "उलटं."

"कागदावर सुलटं यावं म्हणून. टेबलासमोर आरसा असतो तो त्यासाठी. आपण सगळ्यांनी दगड पाहिला, आबांच्या मनात कार्ड होतं. मास्तर, धरा."

मास्तरांनी आरसा धरला. बाईंनी चित्र त्याच्यासमोर नेलं. कठडा उजवीकडे गेला. कावळा आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. पाठमोरी आकृती उजव्या दारात शिरत होती.

मुलीने आरशाकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि पुन्हा आरशाकडे, जणू तिथे काही बदलेल.

"चित्रात दोन्ही दारांना पायरी नाही," बाई पुढे म्हणाल्या. त्यांना थांबावंसं वाटत होतं, पण अर्ध्यावर थांबून कोणाचंच भलं नव्हतं. "आता उजव्या दाराला आहे. पिवळसर, गुळगुळीत, चार बोटं जाड. जिन्याची एक पायरी फुटली आहे. धाकट्यांच्या पायावर काय पडलं, ते पायरी उलटली की कळेल."

धाकटा भिंतीला टेकला. "खाली मेणकापड घातलंय," तो म्हणाला. "आईचा चेहरा मातीत जाऊ नये म्हणून."

"तू?" मुलगी म्हणाली.

"मी ढकललं नाही, ताई. ते दुसऱ्या दिवशी दगड परत करणार होते. तो घासला असता नाहीतर फरशीत गेला असता. मी आईला कधी पाहिलं नाही. तू पाहिलंस. माझ्याकडे तेवढा दगडच होता. मी खाली आणत होतो. आबा मागून धरून ओढत होते, मी शब्द दिलाय, शब्द दिलाय म्हणत. दगड सुटला, माझ्या पायावर आला आणि ते त्याच्या मागोमाग..." त्याने तोंडावर हात दाबला. "मी दगड ओढत आत नेला. हाक मारणार होतो. तेवढ्यात फाटक वाजलं. दाजी आले होते. म्हटलं, ते बघतील. मग पोलीस आले, आणि मग बोलताच आलं नाही. रोज ठरवत होतो, उद्या बोलू."

छापखानेवाला खाली बसला. "अरे, नुसतं विचारायचं होतंत रे," तो म्हणाला. "दोघांपैकी एकाने तरी."

इन्स्पेक्टरांनी धाकट्याच्या दंडाला धरलं. जाताना तो वडिलांच्या खाटेशी थांबला, पण वर बघण्याची हिंमत त्याला झाली नाही. आबांनी या वेळी दांडी बडवली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"तुमचे यजमान संध्याकाळपर्यंत घरी येतील," इन्स्पेक्टर दारातून म्हणाले.

मुलीने मान हलवली. हो की नाही ते कळत नव्हतं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती बाईंना म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "तुम्ही मला विचारलं होतंत. मला कळलं नाही."

"मी थांबायला हवं होतं का?"

"मग हे आत राहिले असते." तिने खाटेवरची चादर सारखी केली. "एक सांगा. आबांना समजत होतं ना सगळं? चित्र उलटं वाचलं गेलंय, हेही समजलं असेल?"

"असेल."

"मी रोज पेन्सिल देत होते. मग त्यांनी दुसरं चित्र का नाही काढलं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर ते मिटलं.

"हात दमला असेल," बाई म्हणाल्या.

मुलीने आबांच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"दमला नव्हता," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मी इथे डोकं टेकते, तेव्हा याच हाताने माझे केस सारखे करतात."

बाईंनी आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलं होतं. त्यांचं स्वतःचं इतक्या लवकर कोणी पकडलं नव्हतं. त्यांनी चित्र दुमडून पर्समध्ये टाकलं, मग आठवलं की ते पोलिसांचं आहे, म्हणून परत काढून खाटेवर ठेवलं. मास्तर आरसा घेऊन केव्हाच बाहेर गेले होते आणि पॅसेजमध्ये नाक ओढत उभे होते.

मुलगी स्टूल ओढून वडिलांजवळ बसली. दुसरं कोण बसणार होतं? तिने चमच्याने त्यांना पाणी पाजलं, हनुवटीवर ओघळलेलं पुसलं. आबांनी डोळे उघडले. त्यांचा डावा हात चादरीवरून हळूहळू सरकत आला आणि तिच्या केसांवर थांबला.

तिने डोकं बाजूला घेतलं नाही. पुढेही केलं नाही.